दप्तराबाहेरचें जनावर

आपल्या जुन्या दप्तरांत जनावरांची वाण नाहीं. घोड्याची किंमत आहे, बैलांच्या जोड्या आहेत, हत्तीच्या चाऱ्याचा हिशेब आहे. मांजर मात्र शोधूं गेल्यास सहसा हातीं लागत नाहीं. हा केवळ पेशवाईंतल्या कारकुनांचा दोष मानण्याचें कारण नाहीं. हिंदुस्थानांत १९१९-२० सालापासून पशुगणना होत आली आहे. २०१९ च्या विसाव्या गणनेंत कुत्र्याला रकाना आहे, सशाला आहे, मांजराला नाहीं. ज्याच्यावर कर बसत नाहीं, ज्याला जुंपतां येत नाहीं आणि ज्याचा बाजार भरत नाहीं, तें सरकारच्या डोळ्यांना दिसत नाहीं. मग राज्य कोणाचेंही असो. तेव्हां बारामती व इंदापूर या तालुक्यांतील मांजराचा इतिहास पाहावयाचा तर तो दप्तरांत न पाहतां कणगीच्या बुडाशीं पाहावा लागतो.

नीरा आणि भीमा या दोन नद्यांमधला हा मुलूख. जमीन पुष्कळ ठिकाणीं काळी व कसदार. पाऊस मात्र बेभरंवशाचा. नीरेच्या कालव्याचें पाणी गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, १८८५ च्या सुमारास आलें. तोंवर सारा भार रब्बीच्या ज्वारीवर. १८७६-७७ सारखें साल केव्हां उभें राहील याचा नेम नसल्यामुळें एका सुगीचें धान्य दोन-दोन वर्षें पुरविणें हेंच येथील कुणब्याचें अर्थशास्त्र होतें. म्हणून पेव, बळद, कणगी. धान्य सांठलें कीं उंदीर आला, आणि उंदराच्या पाठोपाठ मांजर. जगभर हीच कथा आहे. सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वीं माणसाशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें, तें शेती नुकतीच सुरू झालेल्या काळचें. सिंधमधील चन्हुदारो येथें १९३५-३६ सालीं उत्खनन झालें. तेथील एका विटेवर मांजराचें व त्यामागून आलेल्या कुत्र्याचें असे दोन ठसे उमटलेले आहेत. ओल्या विटेवरून दोघें धांवत गेलीं, आणि चार हजार वर्षें ती शर्यत तशीच राहिली! आपल्या शेजारीं, घोड नदीकांठच्या इनामगांवीं, डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून पुढें जें खोदकाम केलें त्यांत धान्य सांठविण्याचे खड्डे निघाले. ते येथील कोणत्याही राजघराण्याहून जुने आहेत.

मांजराविषयीं आपल्या पूर्वजांची समजूत शब्दांतच उतरली आहे. ‘मार्जार’ म्हणजे स्वच्छ करणारें. अमरकोशांतील दुसरें नांव ‘आखुभुक्’, उंदीर खाणारें. एका शब्दांत त्याची टापटीप आणि दुसऱ्यांत त्याचा धंदा! मराठी म्हणींनीं मात्र त्याला चोर ठरविलें: शिंक्याचें तुटलें कीं बोक्याचें फावलेंच. हा विरोध खोटा नाहीं. ज्या बाईनें दुधाचें भांडें शिंक्यावर चढविलें, तिनेंच रात्रीं माजघराचें दार मांजरापुरतें किलकिलें ठेवलें. बारा बलुत्यांचीं नांवें आपण पाठ म्हणतों. हा तेरावा बलुतेदार वतनावांचून राबला, आणि आपलें बलुतें त्यानें न विचारतां घेतलें.

तें कोणाचें, हा प्रश्न मात्र कोणाला फारसा पडत नसे. वाड्यांतील मांजर एकाच्या माळ्यावर वीत असे, दुसऱ्याच्या ओसरीवर ऊन खात असे आणि तिसऱ्याच्या बळदाशीं दबा धरून बसे. मांजर आपलीं पिल्लें सात घरें फिरवितें, या समजुतींत सातांपैकीं एकाही घरानें त्यांना हांकलूं नये हें गृहीतच आहे. मांजर मारणारानें सोन्याचें मांजर काशीस न्यावें, हा धाक लहानपणीं कोणाला घातला गेला नाहीं? मनुस्मृतींतही मार्जारवधाला प्रायश्चित्त सांगितलें आहे. याला कोणी भाबडेपणा म्हणोत. मला तर तो धान्याचा विमा वाटतो. ज्याला धनी नाहीं त्याचें रक्षण पापाच्या भीतीवांचून कोण करणार?

आषाढांत तुकोबारायांची पालखी याच मुलखांतून, बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर अशी जाते. ती वाट ज्या पंढरीस पोंचते तेथील राका कुंभाराची कथा महीपतींनीं १७६२ सालीं पूर्ण केलेल्या ‘भक्तविजयां’त सांगितली आहे. आव्यांतील एका मडक्यांत मांजरीनें पिल्लें घातलेलीं. आवा पेटल्यावर तें ध्यानांत आलें. कुंभारानें विठोबास साकडें घातलें आणि पिल्लें जिवंत निघालीं. चमत्कार बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. ती मांजरी राकाची होती कीं आणखी कोणाची, याची चौकशी कथेंत कोणीच करीत नाहीं.

मग प्लेग आला. १८९६ मध्यें मुंबईस, पाठोपाठ पुण्यास. उंदीर पडूं लागले कीं घरें सोडून रानांत झोंपड्या घालावयाच्या, एवढें लोक अनुभवानें शिकले. उंदराच्या पिसवेवाटे रोग पसरतो हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत दाखविलें. आणि १९०८ सालीं अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनीं विलायतेच्या वैद्यकीय पत्रांत लिहिलें कीं, प्लेग रोखावयाचा तर मांजरें राखा. वऱ्हाडांतील गांवोगांवच्या मांजरांची त्यांनीं मोजदाद करविली, आणि घरांच्या निम्म्यानें जेथें मांजरें आहेत तीं गांवें बहुधा वांचलीं असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष मी जसाच्या तसा घेणार नाहीं. मांजरें पुष्कळ असलेलीं गांवें आणखीही कांहीं बाबतींत वेगळीं असूं शकतील. शिवाय मांजराला स्वतःला प्लेग होतो, आणि अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत मांजरापासून माणसाला तो झाल्याचीं उदाहरणें नोंदलीं गेलीं. पण एका सरकारी अधिकाऱ्यानें मराठी खेड्यांतलीं मांजरें मोजण्याजोगीं मानलीं, याचें मोल मला त्या निष्कर्षाहून अधिक वाटतें. तोवर जें बायकांना ठाऊक होतें तें प्रथमच आंकड्यांत आलें.

त्यानंतरचा बदल झपाट्याचा आहे. ज्वारीच्या जागीं ऊंस आला, पेवें बुजलीं, उंदरांसाठीं विषाच्या वड्या आल्या. तसा उंदीर खाऊन मांजरही मरूं शकतें. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि इंदापूर तालुक्यांतील पळसदेवासारखीं जुनीं गांवठाणें पाण्याखालीं गेलीं. माणसांना नव्या वसाहती मिळाल्या. कुत्रा माणसामागें जातो, मांजर जागेला धरून राहतें, असें म्हणतात; उठलेल्या गांवांतील मांजरांचें काय झालें असेल तें यावरून ताडावें. पुढें त्याच पाण्यांत मासे आले, भिगवणला त्यांचा बाजार भरूं लागला, आणि ज्वारीच्या कणगीवर वाढलेल्या कुळाला मासळीच्या टोपलीचा नवा आश्रय मिळाला.

बारामतीच्या नव्या इमारतींत आतां दोन जाती दिसतात. एक दाराच्या आंत: तिला नांव आहे, लस आहे, डब्यांतलें अन्न आहे. दुसरी जिन्याखालीं: तिला ‘भटकी’ म्हणतात, आणि तिला अन्न घालावें कीं नाहीं यावरून रहिवाशांच्या सभेंत भांडणें होतात. जुन्या वाड्यांत अशी फाळणी नव्हती. पण जुन्या वाड्याची भलावण करतांना हेंही सांगितलें पाहिजे कीं, तेथें पिल्लें भराभर होत आणि भराभर मरत, व त्याची खंत कोणी करीत नसे. मांजरीचे दिवस सुमारें नऊ आठवड्यांत भरतात, आणि वर्षांतून दोन-तीन वेळां ती विते. जिन्याखालच्या मांजरीला पिशवींत घालून शस्त्रक्रियेसाठीं जनावरांच्या डॉक्टराकडे कोणीं न्यावें, खर्च कोणीं द्यावा, आणि टांके सुकेपर्यंत तिला कोणाच्या घरांत ठेवावें, याचा निकाल त्या सभांतून अद्याप व्हावयाचा आहे.