तोरणमाळचे राखीव रान

तोरणमाळला जाणारा मनुष्य बहुधा गोरक्षनाथाचे देऊळ व मच्छिंद्रनाथाची गुंफा पाहतो, यशवंत तलावाकाठी बसून डबा उघडतो, की सहल पुरी झाली! त्यात वाईट काही नाही. पण ११०० मीटरांहून उंच अशा त्या पठारावरील रानाला ‘राखीव’ म्हणतात, तो शब्द आम्हां चळवळीतल्या माणसांना स्वस्थ बसू देत नाही. राखीव कोणासाठी?

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यांना भिल्ल आवरेनात, तेव्हा १८२५ मध्ये औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. मग १८७८ चा जंगल कायदा आला. भिल्ल व पावरा त्याच्या आधीपासून डोंगर कसत होते. तरी राखीव रानात कसणारा तो अतिक्रमणदार ठरला. मस्टरवर नाव नाही म्हणून ह्याने काम केलेच नाही, असे सांगणारे मुकादम आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

ह्याच मुलखातल्या एका पक्ष्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. रानपिंगळा हे दिवसाही शिकार करणारे लहान घुबड. त्याची शास्त्रीय नोंद १८७३ मध्ये ह्यूमसाहेबांनी केली. काँग्रेसच्या स्थापनेतले तेच हे ह्यूम. १८८४ नंतर त्याचा एकही खरा नमुना मिळाला नाही. ‘खरा’ असे मुद्दाम म्हणतो. कर्नल माइनर्ट्झहागन नावाच्या गृहस्थाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर १९१४ साल व गुजरातेतील मांडवी अशी चिठ्ठी लावली होती. खोटी हजेरीच ती! पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीने ती लबाडी उघडकीस आणली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा पाहिला. ११३ वर्षांनी! पुढे तोरणमाळच्या रानातही तो आढळला.

माणसांना मात्र २००६ पर्यंत थांबावे लागले. त्या सालच्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासीचा ४ हेक्टरांपर्यंतचा हक्क मान्य केला. दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. कागद नसला तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. आणि शेताचे बांध, जुन्या विहिरी, स्मशाने, देवस्थाने हीही पुरावा म्हणून धरली जातात.