वर्गाध्यापन आणि शिक्षकाचे शिक्षण : नॉर्मल वर्गापासून केंद्राच्या शिक्षण परिषदेपर्यंत

१

शाळा, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांविषयी आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासात बरेच लिहिले गेले आहे. शिक्षक स्वतः कसा शिकतो, या प्रश्नास त्या मानाने थोडी जागा मिळाली आहे. वर्गातील अध्यापनाचा कस मात्र याच प्रश्नावर अवलंबून असतो. नेमणुकीपूर्वी मिळालेले प्रमाणपत्र शिक्षकास वर्गाच्या दारापर्यंत आणून सोडते. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत तो काय वाचतो, कोणाशी विचारविनिमय करतो आणि आपल्या चुका कोणासमोर उघड करू शकतो, यांवर त्याचे अध्यापन सुधारते किंवा साचेबंद होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होत आला आहे. त्यातून तीन स्वतंत्र दृष्टी निर्माण झाल्या. पहिलीने शिक्षकाच्या विषयज्ञानावर भर दिला, दुसरीने विद्यार्थ्यांच्या समाजाशी असलेल्या त्याच्या नात्यावर, तर तिसरीने प्रत्यक्ष कामातून होणाऱ्या त्याच्या शिक्षणावर. या तिन्ही दृष्टी एका काळी, एका ठिकाणी क्वचितच एकत्र आल्या. वर्गाध्यापन सुधारण्याच्या अनेक योजनांना मर्यादित यश का आले, याचे एक कारण येथे सापडते.

२

जुन्या पंतोजीची शाळा हे त्याचे घरचे काम होते. अक्षरओळख, मोडी वळण, पाढे आणि हिशेब एवढे त्यास येत असे व तेवढेच तो शिकवीत असे. छापील पुस्तके, व्याकरण, भूगोल असे नवे विषय आल्यावर ते शिकविणारा माणूस निराळा हवा, हे मुंबईतील शिक्षणव्यवस्थापकांच्या लवकरच ध्यानी आले. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये नॉर्मल वर्ग, म्हणजे शिक्षक तयार करण्याचा वर्ग, सुरू झाला आणि त्याची सूत्रे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. १८४६ साली जांभेकर निवर्तले. त्यांच्यानंतर हे काम दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी पाहिले. दादोबांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ सालीच प्रसिद्ध झाले होते. मराठी शिक्षकांचे पहिले शिक्षक एक विद्वान संपादक आणि एक व्याकरणकार असावेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. भाषा ज्याने स्वतः तपासून पाहिली, त्यानेच ती शिकविण्याची रीत सांगावी, असा संकेत त्या निवडीत होता.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक-प्रशिक्षणाच्या शाळांची आवश्यकता सरकारी धोरणात नोंदविली. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजची धुरा कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्याकडे आली. शिक्षणखात्याच्या आश्रयाने चालणारे 'शालापत्रक' हे मासिकही त्यांच्या संपादनाखाली होते. हे मासिक शिक्षकांसाठी होते. त्यामुळे खेड्यात एकटा काम करणारा शिक्षक नेमणुकीनंतरही महिन्याच्या महिन्यास काही नवे वाचू शकत होता.

या मासिकातून कृष्णशास्त्र्यांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहिले आणि दादोबांच्या मांडणीची चिकित्सा केली. ते निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आज भाषाभ्यासक त्यांना मराठी व्याकरणविचारातील महत्त्वाचा टप्पा मानतात. त्यांचा पहिला वाचकवर्ग मात्र शाळांतील शिक्षकांचा होता, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. जे व्याकरण शिक्षक वर्गात नियम म्हणून शिकवीत होता, तेच वादग्रस्त असू शकते, हे त्यास या निबंधांनी दाखवून दिले. नियम पाठ करून घेणाऱ्या शिक्षकापेक्षा नियमामागील शंका ठाऊक असलेला शिक्षक विद्यार्थ्याच्या प्रश्नाने गोंधळत नाही. त्याच्या वर्गात प्रश्न विचारता येतो.

१८६८ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकर संपादनात आले. संस्कृत कवींवरील त्यांचे प्रसिद्ध निबंध प्रथम याच पत्रातून आले. म्हणजे मराठीतील नव्या वाङ्मयसमीक्षेचा एक आरंभ शिक्षकांच्या मासिकात झाला. पुढे पत्रातील टीकेचा सूर सरकारी वर्तुळास मानवला नाही आणि १८७५ साली 'शालापत्रक' बंद पडले. ट्रेनिंग कॉलेज चालू राहिले. डेप्युटींची तपासणीही चालू राहिली. शिक्षकास विचाराचा भागीदार मानणारे एक साधन मात्र नाहीसे झाले.

३

तथापि 'शालापत्रका'ची परंपरा निर्दोष होती, असे म्हणता येणार नाही. बाण आणि भवभूती यांवरील विवेचन वाचणारा शिक्षक शेतकऱ्याच्या मुलास वर्गात टिकवून धरू शकेलच, असे नव्हते. ही उणीव जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात स्पष्टपणे मांडली. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुधा ब्राह्मण असतात, शेतकरी व कष्टकरी समाजाशी ते मिसळत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्यात त्यांना कमीपणा वाटू नये, असे त्यांनी सुचविले. वेतन किमान बारा रुपये असावे, हीही त्यांची मागणी होती. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान त्यांनी धरले होते.

फुले यांचा मुद्दा केवळ प्रतिनिधित्वाचा मानला, तर त्याचे शैक्षणिक मोल हरवते. विद्यार्थी कोणत्या घरातून येतो, कोणत्या शब्दांनी विचार करतो आणि कोणते काम त्याने पाहिलेले असते, हे शिक्षकाच्या ज्ञानाचेच अंग आहे, असा त्याचा आशय आहे. हे ज्ञान ट्रेनिंग कॉलेजच्या व्याख्यानातून पुरेसे मिळत नाही. ते विद्यार्थ्यांच्या समाजाशी असलेल्या व्यवहारातून मिळते. प्रशिक्षण आणि सामाजिक सहवास यांची सांगड फुले यांनी घातली. शिक्षणखात्याने प्रशिक्षणाची व्यवस्था पुढे वाढविली. सहवासाच्या अंगाकडे मात्र तितके लक्ष दिले नाही.

४

तिसरी दृष्टी विदर्भात आकारास आली. नागपूरच्या दक्षिणेस मनीषनगरच्या वस्तीजवळून जो लोहमार्ग जातो, तो पुढे वर्ध्यास पोहोचतो. त्या वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी डिसेंबरात योजनेचा आराखडा सादर केला. १९३८ साली हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन सेवाग्राम हे त्याचे केंद्र झाले. आर्यनायकम् व आशादेवी यांनी तेथील कामास वाहून घेतले. त्याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांच्या पुढाकाराने विद्यामंदिर योजना पुढे आली आणि तिच्या शिक्षकांसाठी वर्ध्यात प्रशिक्षण विद्यालय निघाले.

या योजनेची चर्चा बहुधा टकळी आणि स्वावलंबन यांच्यापुरती होते. अध्यापनाच्या दृष्टीने तिचे वैशिष्ट्य 'समवाय' या कल्पनेत होते. कापूस, सूत, विणकाम यांतून गणित, भूगोल, इतिहास आणि भाषा यांचे पाठ निघावेत, अशी तिची अपेक्षा होती. वऱ्हाडातील मुलास कापूस अपरिचित नव्हता. वेचणीपासून जिनापर्यंत तो त्याच्या डोळ्यांसमोर होता. परंतु त्यातून पाठ घडविणे हे छापील पुस्तक शिकविण्याहून फार अवघड होते. शिक्षकास हस्तव्यवसाय यावा लागे, विषय यावा लागे आणि त्या दोहोंचा सांधा त्या दिवशीच्या कामात शोधावा लागे. म्हणून समितीने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम सुचविला. निकडीपोटी एक वर्षाचा लघु अभ्यासक्रमही ठेवला. हस्तव्यवसायाच्या आर्थिक अंगावर अवास्तव भर पडून शैक्षणिक हेतू मागे पडेल, असा इशाराही समितीनेच दिला होता.

१९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रांतिक प्रयोगांची गती मंदावली. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षणाचा विस्तार झाला, पण अनेक ठिकाणी एका तासास सूतकताई आणि दुसऱ्या तासास पुस्तक अशी विभागणी होऊन समवाय नावापुरता उरला. विस्तार आदेशाने करता येतो. समवाय साधणारा शिक्षक तयार होण्यास दीर्घ काळ आणि सहकाऱ्यांची सोबत लागते. या अपयशाचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे न्याय्य ठरणार नाही.

५

कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. जवळच्या शाळांनी एकत्र येऊन संकुल उभारावे, ही त्याच आयोगाची सूचना. महाराष्ट्रात १९९४ साली ४,८६० केंद्रे निर्माण झाली. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख अशी रचना ठरली. केंद्रातील शिक्षकांनी दरमहा एकत्र येऊन आदर्श पाठ पाहावा व अडचणींची चर्चा करावी, यासाठी शिक्षण परिषद आली. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील शाळा पाहण्यासाठी २०१० नंतरच्या दशकात राज्यभरातून शिक्षक गेले. शिक्षक शिक्षकाच्या वर्गात बसून शिकतो, याचे ते अलीकडील उदाहरण होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दरवर्षी किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक शिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे.

तासांची संख्या ठरविणे सोपे आहे. त्या तासांत काय घडते, हा प्रश्न उरतो. परिषदेत परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते भरणे यांतच वेळ गेला, तर १८७५ नंतर जी तपासणी उरली होती, तिचाच तो नवा अवतार ठरेल.

६

नागपूरसारख्या शहराच्या एकाच वर्गात कोणाच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी हलबी वा गोंडी. अशा वर्गात मराठीचा प्रयोग किंवा विभक्ती शिकविताना शिक्षकासमोर उभ्या राहणाऱ्या अडचणींचे तयार उत्तर कोणत्याही पाठटाचणात नसते. 'मी जातो' ऐवजी 'मी जाते' म्हणणारा मुलगा चुकला, की आपल्या घरची भाषा बोलला, हे ओळखण्यास कृष्णशास्त्र्यांची चिकित्सक दृष्टी हवी. त्याच्या घराविषयी फुले यांना अपेक्षित असलेली जवळीक हवी. आणि त्या बोलण्यातूनच पुढचा पाठ उभा करण्याचे, वर्ध्याने मागितलेले कौशल्यही हवे.

ही तिन्ही अंगे एका शिक्षकात आपोआप येत नाहीत. दहा शाळांतील शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात, तेव्हा ती परस्परांकडून मिळविण्याची संधी असते. ज्या बैठकीत एखादा शिक्षक आपला फसलेला पाठ निर्धास्तपणे मांडू शकतो आणि सहकारी त्याची कारणे शोधतात, ती बैठक 'शालापत्रका'चे खंडित झालेले कार्य पुढे नेते. केंद्राची रचना आज अस्तित्वात आहे. तिच्यातील वेळ शिक्षकाच्या विचारासाठी राखून ठेवणे, हे शिक्षणखात्याइतकेच विद्यापीठीय विभागांचेही उत्तरदायित्व आहे. कारण शिक्षकांसाठी लिहिण्यात जांभेकर, दादोबा आणि कृष्णशास्त्री यांना कधी कमीपणा वाटला नव्हता.