पतंगाच्या दोरापासून बिनतारी ग्लायडरपर्यंत

भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवसांत येवल्याचें आकाश मोकळें म्हणून राहत नाहीं. गच्चीगच्चीवरून पतंग चढत असतात आणि दोर सोडणाऱ्याच्या हातीं असते ती आसारी. पैठणीचें रेशीम ज्या हलक्या फिरत्या साधनावर घेतात, त्यालाही येथील विणकर आसारीच म्हणतात.

हा दोर केवळ पोरखेळ मानणाऱ्यांनीं विमानाचा इतिहास थोडा मागून वाचावा. राईट बंधूंनीं १८९९ सालीं आधीं केला तो पांच फूट रुंदीचा दुमजली पतंग. त्याच्या चार दोऱ्या ओढल्या कीं पंखांना पीळ पडे आणि पतंग एका कुशीवर कले. तोल स्वाधीन कसा ठेवावा हाच त्या काळीं प्राणांतिक प्रश्न होता. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल शरीर झुलवून ग्लायडरचा तोल राखी. १८९६ सालीं तो पडून मरण पावला. राईटांनीं १९०० चें ग्लायडर बहुतेक वेळ दोरानें बांधूनच उडविलें, १९०२ मध्यें नव्या ग्लायडरवर शेंकडो वेळां स्वतः तरंगून पाहिलें, आणि मगच १९०३ च्या डिसेंबरांत सुमारें १२ अश्वशक्तीचें इंजिन चढविलें. पहिलें उड्डाण अवघें १२ सेकंदांचें. येवल्यांत तेवढ्या वेळांत धड पेचही लागत नाहीं!

पुढें माणूस खालीं राहिला व यंत्र एकटें वर गेलें. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें बिनतारी नौका चालवून दाखविली होती. अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं १९३७ च्या सुमारास सुमारें ८ फूट पंखांचें विमान स्वहस्तें बांधून बिनतारी लहरींनीं उडविलें.

मोठें मोटर-ग्लायडर आज कोणी मुळापासून बांधूं म्हटल्यास पंखाच्या फांसळ्या बाल्सा लांकडाच्या, कणा कार्बनच्या नळीचा आणि नाकापाशीं विजेची मोटर, अशी सामान्य रचना असते. मोटर उंची गांठण्यापुरती; ती थांबली कीं पातीं मागें मिटतात. खरी कसोटी गुरुत्वमध्याची. तो पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान पडावा लागतो. बॅटरी फार मागें बसली तर नाक वर होतें, पंखांचा आधार सुटतो, आणि कित्येक महिन्यांचें काम क्षणांत मातींत जातें. कन्नी बांधणारा येवल्याचा पोरगा असेंच कांहीं जाणतो: वरचा दोरा जरा लांब राहिला कीं पतंग मागें कलतो व उंची घेत नाहीं.

मात्र दोर हाताला वाऱ्याची खबर देतो, ती सोय येथें नाहीं. सारें डोळ्यांनींच ओळखावें लागतें. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांतही २५ किलोंपर्यंतचें असें हौशी विमान नजरेच्या टप्प्यांतच उडवावें, असें आहे. कटलेल्या पतंगामागें पोरें धांवतात. दहा किलोंचें ग्लायडर सुटलें तर लोकांनाच पळावें लागेल. म्हणून लहर तुटतांच मोटर आपोआप बंद व्हावी, अशी योजना विमानांतील ग्राहकयंत्रांत उड्डाणापूर्वींच करून ठेवतात.