होळकर संघाची कुळकथा

रणजी करंडकाच्या विजेत्यांच्या यादीत होळकर हे नाव चार वेळा येतं आणि 1952-53 नंतर पुन्हा कधीच येत नाही. संघ इंदूरचा, पण त्याचं मूळ शोधू लागलं की वाट नागपूरला येऊन पोचते.

कर्णधार सी. के. नायडू 1895 साली नागपुरात जन्मले. त्यांचे धाकटे भाऊ सी. एस. आणि डावखुरे गोलंदाज हिरालाल गायकवाड यांचं जन्मगावही नागपूरच, तर चंदू सरवटे सागरचे. हा सारा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता. क्रिकेटवर कुणाचं घर चालेल असे ते दिवस नव्हते. 1923 मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांनी नायडूंना इंदूरला बोलावून आपल्या लष्करात हुद्दा दिला. पोटाची चिंता मिटली आणि खेळाला पूर्ण वेळ मिळाला. या संघाचा खरा पाया तोच.

आधी इंदूरचा भाग रणजीत सेंट्रल इंडिया या नावाने उतरत असे. 1941-42 पासून महाराज यशवंतराव होळकरांच्या आश्रयाखाली होळकर संघ उभा राहिला. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत त्याने दहा वेळा अंतिम फेरी गाठली. पहिल्याच अंतिम सामन्यात मुंबईने 867 धावांचं लक्ष्य ठेवलं, तेव्हाही हा संघ शेवटपर्यंत झुंजला. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतक ठोकलं, डेनिस कॉम्प्टन 249 धावांवर नाबाद राहिले आणि होळकर 492 पर्यंत पोचले. पुढच्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912. त्या एका डावात सहा शतकं झाली आणि त्यातलं एक पन्नाशीतल्या नायडूंचं होतं! त्याच वर्षी बडोद्याला हरवून होळकरने पहिला करंडक जिंकला.

1948 मध्ये होळकरांचं संस्थान मध्य भारतात विलीन झालं. संघाचं नाव आणखी काही वर्षं टिकलं. 1955-56 पासून त्याच्या जागी मध्य भारत आणि राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश खेळू लागला. नागपूरच्या बाजूला 1957-58 मध्ये विदर्भाचा वेगळा संघ आला. एका कुळाच्या अशा दोन शाखा झाल्या.

दोन्ही शाखांना करंडकासाठी फार वाट पाहावी लागली. विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 असा लागोपाठ दोनदा तो जिंकला. मध्य प्रदेशाने 2022 मध्ये मुंबईला नमवलं. तिन्ही वेळा प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. राजाश्रय संपल्यावर ही उंची पुन्हा गाठायला साठ-सत्तर वर्षं लागली. गुणी खेळाडू या मातीत तेव्हाही होते. नव्हती ती त्यांना एकत्र ठेवून निश्चिंतपणे खेळू देणारी व्यवस्था. होळकरांनी ती उभारली, हे त्यांचं भारतीय क्रिकेटवरचं मोठं ऋण आहे.