प्लेगचा जंतू सापडला, तरी प्लेग का थांबेना?

१/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागातील गाठीच्या तापाचे निदान डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी केले : प्लेग. त्याचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. शत्रू ठाऊक होता, तरी साथ आवरेना.

२/ ‘प्लेग कशाने होतो?’ याचे उत्तर मिळाले होते. ‘तो पसरतो कसा?’ हा प्रश्न मात्र धूसरच होता. घाण, दूषित हवा, दमट जमीन, कपडे, रुग्णाचा सहवास, साऱ्यांवरच संशय. साहजिकच उपायही साऱ्यांवर एकाच वेळी झाले.

३/ घरे जंतुनाशकांनी धुतली गेली, सामान जाळले गेले, रुग्णांना आप्तांपासून तोडले गेले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरोघरी झडत्या घेतल्या. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

४/ त्याच वर्षी पाश्चर इन्स्टिट्यूटचे पॉल-लुई सिमाँ भारतात आले. त्यांना एक विसंगती दिसली. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारे आजारी पडत. मरून बराच वेळ झालेला उंदीर मात्र निरुपद्रवी ठरे. काही रुग्णांच्या कातडीवर बारीक फोड असे आणि त्यात प्लेगचे जंतू सापडत.

५/ उंदराचे शरीर थंड पडताच त्यावरून काय निघून जाते? पिसवा. येथे सिमाँ यांचा प्रश्न नेमका झाला : प्लेगच्या उंदरावरील पिसू, त्या उंदराचा स्पर्श न होता, निरोगी उंदराला प्लेग देऊ शकते का? याचे उत्तर प्रयोगातून ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच मिळणार होते.

६/ जून १८९८, कराची. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांसह प्लेगचा उंदीर. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. स्पर्श अशक्य, पिसूला वाट मोकळी. काही दिवसांत दुसरा उंदीरही प्लेगने मेला. पिसवा नसताना मात्र रोग पसरला नाही.

७/ तरीही भारतीय प्लेग आयोगाने हे मत अग्राह्य ठरवले. उंदरावरची पिसू माणसाला चावते का, अशी शंका अनेक शास्त्रज्ञांना होती. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी दाखवले की येथील उंदरांवरची पिसू उपाशी असताना माणसालाही चावते.

८/ १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत मूळ प्रश्नाचे तुकडे करून एकेक तपासला गेला. पिसवा नसतील, तर आजारी व निरोगी गिनीपिग एकत्र राहूनही रोग पसरेना. पिसवा असतील, तर जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले प्राणी मरत. पिसूच्या उडीपलीकडे टांगलेले वाचत. हवा आणि स्पर्श संशयातून सुटले.

९/ उत्तर मिळताच साथ संपली नाही. पण लक्ष रुग्णाच्या घरावरून उंदीर आणि पिसूकडे वळले. परळची ती प्रयोगशाळा आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून उभी आहे. सिमाँ यांच्याकडे होती काचेची बरणी, जाळी आणि दोन उंदीर. इतरांहून वेगळा होता तो त्यांचा प्रश्न.