वाइल्डकार्ड लुकअप

वाइल्डकार्ड लुकअप : लॉगमधील एखादे मूल्य तक्त्यातील नमुन्याशी ताडून पाहायचे आणि जुळले, तर त्या ओळीतील इतर माहिती लॉगच्या नोंदीला जोडायची, अशी लॉगशोधातील एक पद्धत. प्रस्तुत नोंदीत स्प्लंक या प्रणालीतील तिचे रूप दिले आहे. मायकेल बॉम, रॉब दास आणि एरिक स्वान यांनी स्प्लंक कंपनी २००३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केली. मार्च २०२४ मध्ये सिस्कोने ती सुमारे २८ अब्ज डॉलरना विकत घेतली.

सर्व्हरच्या लॉगमध्ये आयपी पत्ता, यूआरएल, प्रोसेसचा पाथ अशा गोष्टी असतात. ते यंत्र कोणत्या विभागाचे, ते संकेतस्थळ कामाचे की घातक, हे लॉग सांगत नाही. ते संस्थेतील माणसांना ठाऊक असते आणि बहुधा एखाद्या सीएसव्ही फाइलमध्ये लिहून ठेवलेले असते. साध्या लुकअपमध्ये लॉगमधले मूल्य आणि तक्त्यातले मूल्य अक्षर न् अक्षर जुळावे लागते. यूआरएलच्या शेवटी मात्र दर वेळी वेगळा सेशन क्रमांक येतो, विंडोजवरील पाथमध्ये वापरकर्त्याचे नाव मध्येच येते. अशा मूल्यांची पूर्ण यादी करणे शक्य नसते. जो भाग बदलतो त्या जागी तारकाचिन्ह (*) ठेवावे लागते.

हे चिन्ह शोधाच्या ओळीत नव्हे, तर तक्त्यातील मूल्यातच लिहायचे असते. ते शून्य किंवा कितीही अक्षरांच्या जागी चालते. केवळ चिन्ह लिहिल्याने मात्र काम होत नाही. सीएसव्ही फाइल चढवल्यावर तिची लुकअप डेफिनिशन करून, प्रगत पर्यायांतील मॅच टाइपमध्ये वाइल्डकार्ड हा शब्द आणि कंसात तक्त्यातील रकान्याचे नाव द्यावे लागते. नवशिक्यांची बहुतेक अडचण इथेच होते : शोधात डेफिनिशनच्या नावाऐवजी फाइलचेच नाव दिले, तर ही सेटिंग लागूच होत नाही, तारका साधे अक्षर ठरते आणि काहीही जुळत नाही. दुसरी अडचण लहान-मोठ्या अक्षरांची. स्प्लंकच्या नेहमीच्या शोधात फील्डच्या मूल्यातील इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक केला जात नाही, लुकअपमध्ये मूळ सेटिंगनुसार तो केला जातो. विंडोजच्या पाथसाठी हा फरक करण्याचा पर्याय बंद करणेच बरे.

या पद्धतीचे बरेवाईट परिणाम ठरतात ते ओळींच्या क्रमावर आणि नमुन्याच्या रुंदीवर. एकच मूल्य अनेक नमुन्यांत बसू शकते. जुळण्यांची कमाल मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १,००० असते, त्यामुळे जुळलेल्या सर्व ओळींची उत्तरे एकाच फील्डमध्ये गोळा होतात आणि पुढची मोजणी फुगते. मर्यादा १ केली, तर फाइलमध्ये जी जुळणारी ओळ आधी तीच घेतली जाते. म्हणून नेमके नमुने वर, ढोबळ नमुने खाली आणि अगदी शेवटी नुसती तारका असलेली ‘इतर’ ही ओळ, असा तक्ता लावतात. हाच तक्ता कोणी वर्णानुक्रमे लावून पुन्हा चढवला, तर एकही चूक न दाखवता निकाल बदलतो.

रुंदीचा धोका सुरक्षेच्या कामात अधिक. विश्वासू डोमेनच्या यादीत ‘*एक्झाम्पल.कॉम’ असे लिहिले, की ‘बनावटएक्झाम्पल.कॉम’ हे परक्याने घेतलेले नावही विश्वासू ठरते. ‘*.एक्झाम्पल.कॉम’ लिहिले, तर मूळ ‘एक्झाम्पल.कॉम’ सुटते. दोन ओळी लिहिणे हाच उपाय आहे : एक उपडोमेनसाठी, एक मूळ नावासाठी. घातक गोष्टींच्या यादीत ढोबळ नमुना असला, तर खोट्या सूचनांचा त्रास होतो, पण तो दिसतो. विश्वासू यादीतला ढोबळ नमुना हल्लेखोराला झाकतो, आणि ते कोणालाच दिसत नाही. म्हणून विश्वासू यादीतील प्रत्येक तारकेशेजारी ती कोणी व का घातली, याचा रकाना असलाच पाहिजे.

लुकअपऐवजी दुसरा मार्ग उपशोधाचा, म्हणजे मुख्य शोधाच्या आत चालणाऱ्या शोधाचा. तक्त्यातील मूल्ये इनपुटलुकअप या आज्ञेने वाचून ती ‘किंवा’ने जोडलेल्या अटींच्या रूपाने मुख्य शोधात घालता येतात. नको असलेल्या नोंदी सुरुवातीलाच गळतात, हा त्याचा लाभ. परंतु नोंद नेमक्या कोणत्या ओळीमुळे आली हे कळत नाही, उपशोधाला साधारणपणे १०,००० निकालांची मर्यादा असते, आणि तारकेने सुरू होणाऱ्या नमुन्यांमुळे शोध मंदावतो. आयपी पत्त्यांसाठी तारका वापरू नये. त्यांच्या पट्ट्यांसाठी सीआयडीआर हा स्वतंत्र जुळणीप्रकार आहे. क्राउडस्ट्राइकच्या लॉगस्केलमध्ये मॅच या फंक्शनचा ग्लॉब हा प्रकार असेच काम करतो.

लुकअपची जुळणी शोध चालवताना होते, लॉग साठवताना नाही. त्यामुळे तक्ता बदलला, की जुन्या लॉगवरचा तोच शोध वेगळे उत्तर देतो. एखाद्या घटनेच्या चौकशीत असा तक्ता वापरला असेल, तर त्या दिवशीची त्याची प्रत निकालासोबत जपून ठेवावी.