सोलां बाजारात गेली, शिरा घरातच राहिल्या

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, आणि मालवणचा विषय असूनही सिंधुदुर्ग किल्ल्याचं नाव एवढ्यापुरतंच. आज बोलायचंय सालींबद्दल. हो, भाजी सोलल्यावर विळीखाली राहतात त्या साली.

तुमच्या फोनवर ते रील येऊन गेलं असेलच. बटाट्याच्या साली, मीठ-तिखट, एअर फ्रायर, कुरकुरीत आवाज आणि वर 'झीरो वेस्ट हॅक'. खाली हमखास एक कमेंट असते की यात नवीन काय, आमच्या आज्या हेच करायच्या. मला या दोघांशीही थोडं भांडायचंय. हॅकवाल्याशी, कारण ही रीत जुनी आहे. कमेंटवाल्याशी, कारण आज्या नेमकं काय करायच्या आणि का, हे तो सांगत नाही. शिवाय बटाटा ही काही आमच्या कोकणाची भाजी नव्हे. शब्दच पोर्तुगीज, आणि माल अजूनही घाटावरून येतो. मालवणातली सालींची गोष्ट दुसरीच आहे.

ती सुरू होते सोलकढीपासून. पर्यटक मंडळी मासे खाऊन झाले की गुलाबी रंगाचा ग्लास हातात धरून फोटो काढतात ना, तीच. 'सोल' म्हणजे साल. रातांब्याची वाळवलेली साल म्हणजे सोल, मालवणीत अनेकवचन सोलां. म्हणजे कोकणातल्या सगळ्यात नावाजलेल्या पेयाचं नाव सरळसरळ सालीवरून पडलंय, आणि आपण ते इतक्या वेळा उच्चारतो की आपल्याला ऐकूच येत नाही.

ही साल टाकाऊ कधीच नव्हती. एप्रिल-मे महिन्यात रातांबे पिकले की ते फोडायचे, गर आणि बिया बाजूला काढायच्या, साली उन्हात टाकायच्या. गराला मीठ लावलं की रस सुटतो, त्याला आगळ म्हणतात. वाळत आलेल्या साली त्या रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात. असं चार-पाच वेळा केलं की साल काळपट लाल, चिवट होते आणि वर्षभर टिकते. बियांतून कोकमाचं तेल निघतं, ते पावसाळ्यात टाचांच्या भेगांना. आपण फळातली साल काढून गर खातो. इथे उलटं. साल मुख्य आणि गर तिच्या सेवेला.

या सालीचा लेखी पुरावा तब्बल साडेचारशे वर्षांपूर्वीचा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक गोव्यातच 1563 मध्ये छापलं गेलं. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात भिरंडाचा, म्हणजे आपल्याच रातांब्याचा उल्लेख आहे, आणि साल व्हिनेगरसारख्या आंबटपणासाठी जपून ठेवतात, जहाजातून नेतात असं तो सांगतो. पुढे इंग्रजांनी 1880 मध्ये रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटिअर काढलं. आजचा सिंधुदुर्ग त्यातच येतो, कारण हा जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1981 ला. कोकमाचं झाड त्याही गॅझेटिअरमध्ये आहे.

आता दुसरी साल घ्या. शिराळी. घाटावर तुम्ही दोडका म्हणता ती. तिच्या अंगावर लांब धारदार कडा असतात, त्या शिरा. नाव त्यावरूनच आलंय, आणि भाजी करताना आधी त्याच तासून काढतात. या शिरांचं काय करतात ते महाराष्ट्रभर माहीत आहे. बारीक चिरून लोखंडी तव्यावर जराशा तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, मिरची किंवा तिखट, मीठ, कुणी लसूण तर कुणी चिमूटभर साखर. दोडक्याच्या शिरांची चटणी. सोलापुरात करतात, पुण्यात करतात, नागपुरात करतात, आमच्याकडेही करतात. इतकी सगळीकडे पसरलेली गोष्ट, पण तिला ना ओर्ता भेटला ना गॅझेटिअर.

का बरं? लोक म्हणतात, बायकांच्या कामाची नोंद कोण घेणार. ते खरंच आहे. पण मग सोलां तरी कोण वाळवत होतं? तेही बायकाच. मला वाटतं फरक हवेचा आहे. रातांबा येतो मे महिन्यात, कडक उन्हात. त्याची साल वाळते, टिकते, पोत्यात भरता येते, गलबतात चढवता येते. म्हणजे तिला भाव येतो, आणि भाव आला की कुणीतरी वहीत लिहितो. शिराळी लागते पावसाळ्यात, परसातल्या मांडवावर. तेव्हा मालवणची हवा अशी की कपाटातली चप्पल बुरसते. कुरकुरीत केलेली शीर पाच मिनिटांत मऊ. ती विकणार कशी आणि कुणाला? ती तव्यावरून थेट ताटात. ना बाजार, ना कर, ना वही. उन्हाळ्यातल्या सालीला इतिहास मिळाला, पावसाळ्यातल्या सालीला फक्त चव.

आता 'आमचे पूर्वज काही वाया घालवत नसत' या वाक्याकडे येऊ. हे वाक्य भाषणात छान वाटतं. पण कोकणातल्या घरात सालीचा पहिला मालक माणूस नव्हताच. गोठ्यात गाय-म्हैस असायची. तांदळाचं धुवण, कोंडा, भाजीची देठं आणि साली हे सगळं तिच्या आंबोणात जायचं. फणसाची काटेरी सालसुद्धा गुरं आवडीने खातात. त्यामुळे शिरा बाजूला काढून तव्यावर टाकणं म्हणजे कचरा वाचवणं नव्हे. जनावराच्या वाट्यातलं थोडं काढून घेणं. माझी आजी शिरा तासताना दोन ढीग करायची. विचारलं तर म्हणायची, "आधी वासराक, मगे आमका." मऊ, जून, किडकं ते वासराला आणि कोवळं तव्यावर. म्हणजे निवड व्हायची ती चवीने.

पण नेहमीच चवीने नाही. इथे गोष्ट जरा कडू होते.

कोकणात पिकणारा भात वर्षभर कधीच पुरला नाही. नाचणी, वरी, हरीक यांच्यावर निभवायचं, नाहीतर बाहेरून तांदूळ आणायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईमार्गे ब्रह्मदेशाचा तांदूळ किनाऱ्यावर यायचा. मार्च 1942 मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतलं आणि तो तांदूळ बंद झाला. 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. जो चाकरमानी गिरणीत राबून गावाला मनीऑर्डर पाठवत होता, त्याच्याच ताटात मोजका भात आला. गावाकडे मनीऑर्डर पोचली तरी त्या पैशात मिळणारा तांदूळ कमी झाला.

गंमत म्हणा किंवा काय म्हणायचं ते म्हणा, याच वर्षांत इंग्लंडमध्ये सरकार लोकांना साली खायला सांगत होतं. लॉर्ड वूल्टन नावाचे अन्नमंत्री होते. बटाटा सोलू नका, सालीसकट शिजवा, असा प्रचार त्यांच्या खात्याने पोस्टरांवरून आणि पत्रकांतून केला. बटाट्याचं एक कार्टूनही काढलं, 'पोटॅटो पीट'. आज ती पोस्टरं संग्रहालयांत आहेत, कपांवर छापून विकली जातात. युद्ध एकच, पण तिथली साल देशभक्ती झाली. इकडे कुणी पोस्टर लावलं नाही, कारण गरजच नव्हती. इथे ज्यांना साल खावी लागत होती त्यांना ती कशी खायची हे आधीच ठाऊक होतं.

आणि त्या कोण, तर घरातल्या बायका. मुंबईला कमवायला गेलेल्या पुरुषांचं हे गाव. 2011 च्या जनगणनेतही महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त स्त्रिया असलेले जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. सिंधुदुर्गात 1036. मागे राहिलेल्या बाईच्या हातात शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि चूल. ताटं वाढण्याचा क्रम तुम्हाला माहीत आहे. भाजीच्या फोडी आधी पोरांना, सासऱ्यांना, आलाच असेल तर मुंबईकराला. शेवटी ती पेज घेऊन बसायची तेव्हा भाजी संपलेली असायची. उकड्या तांदळाची पेज गरम असते, बेचव असते, तिला काहीतरी खारट, तिखट, कुरकुरीत तोंडी लावायला लागतं. सुक्या बांगड्याचा तुकडा असला तर उत्तम, नाहीतर लोणचं. तेही नसलं तर शिरा.

म्हणून मला त्या 'स्नॅक' शब्दाचीही थोडी अडचण वाटते. स्नॅक म्हणजे दोन जेवणांच्या मधलं, चहाबरोबरचं. आमच्या घरात शिरा चहाबरोबर खाल्ल्याचं मला आठवत नाही. ते तोंडी लावणं होतं. पेज हे जेवण, आणि ते घशाखाली उतरावं म्हणून शीर. आज आपण वेफर्ससारखं वाटीत घेऊन बसतो, बसावं की! पण कुरकुरीतपणा आपल्याकडे आला तो मौज म्हणून नव्हे, पातळ पेजेला जोड म्हणून.

मग ही साल कचरा कधी झाली? गोठा रिकामा झाला तेव्हा. मुलं शहरात, म्हातारी माणसं घरात, जनावर सांभाळायला कुणी नाही, दूध पिशवीतून. आंबोणाची बादली गेली आणि तिच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आली. संयुक्त राष्ट्रांच्या 2021 च्या अहवालात भारतातल्या घरांत वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला 50 किलो दिलाय. पण लक्षात घ्या, त्या आकड्यात उरलेला भात आहे तशा साली आणि हाडंही आहेत. म्हणजे आजीच्या हिशेबात जो वासराचा घास होता, तो आता आकडेवारीत कचरा म्हणून मोजला जातो.

आमच्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याने यावर वेगळं काम केलं. रामदास कोकरे तिथे नगर परिषदेचे मुख्याधिकारी असताना घराघरांतून कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात झाली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होऊ लागला, आणि जिथून लोक नाक धरून जायचे ते डम्पिंग ग्राउंड बघायला बाहेरगावचे लोक येऊ लागले. मला यात एक गोष्ट भावते. शहराने पुन्हा गोठा बांधला, फक्त गाय लोखंडी आहे.

आता जे विचारायला तुम्ही केव्हाचे थांबलाय ते सांगतो. मी करतो ती रीत कापांची आहे. नीरफणसाचे, सुरणाचे काप आपण जसे पिठात घोळवून करतो, तशीच. आधी दोन सूचना. शिराळीचा छोटा तुकडा कच्चा चाखून बघा, कडू लागला तर अख्खी शिराळी फेकून द्या. तो कडवटपणा विषारी असतो, शिजवून जात नाही. आणि सगळ्याच साली खायच्या नसतात. सुरणाची साल घसा खाजवते, बटाट्याची हिरवट साल पोट बिघडवते. औषध फवारलेल्या भाजीचं औषध सालीवरच जास्त असतं. मी म्हणून ज्या मांडवाचा मालक मला माहीत आहे तिथलीच शिराळी यासाठी घेतो. बाजारातली असेल तर सोलण्याआधी चांगली घासून धुवा.

वाटीभर शिरा आणि साली लांबट चिरा, फडक्याने कोरड्या करा, अर्धा तास पंख्याखाली पसरा. ही पायरी गाळली तर फक्त तेलकट भाजी होईल, कारण सालीतलं पाणी आधी जावं लागतं. मग मीठ, हळद, तिखट, हिंग आणि आगळाचे चार-सहा थेंब. तेवढ्या ओलाव्याला दोन चमचे तांदळाचं पीठ आणि एक चमचा बारीक रवा चिकटतो, वेगळं पाणी घालू नका. मध्यम आचेवर तळा किंवा तव्यावर तेल सोडून सावकाश परता. तेलातले बुडबुडे कमी झाले की झालं. घाईने आच वाढवलीत तर वरून करपतील, आतून चिवट राहतील.

काढल्यावर डब्यात भरू नका आणि वर झाकण ठेवू नका. बाहेर पाऊस असेल तर फोटो काढण्यात वेळ घालवू नका. पेज आधीच वाढून घ्या.